मलकापूरचा नळ आणि आमच्या गावचा फळा



आपल्याकडे गावातून गाडी भरून माणसे निघाली, की ती बहुधा देवाला तरी निघतात, नाहीतर लग्नाला. फार तर एखाद्या कृषी प्रदर्शनाला. मी आज ज्या प्रवासाची हकिगत सांगणार आहे, तो मात्र निराळा. आम्ही चौदा माणसे दोन जीपगाड्यांतून एक नळ पाहायला गेलो होतो. तुम्ही हसाल. गाव सोडताना पारावरची मंडळीही हसली होती.

गोष्ट २०१३ च्या फेब्रुवारीतली आहे. माझे गाव माण तालुक्यातले. त्या साली माणदेशावर दुष्काळाची जी कळा होती, ती तिकडच्या वाचकांना सांगायला नको. विहिरींनी दिवाळीलाच तळ दाखवला होता. जनावरे छावणीत गेली होती. गावात नळयोजना होती, टाकी होती, पण नळाला चौथ्या दिवशी पाणी यायचे आणि तेही रात्री केव्हातरी. पाण्याचा दिवस आला की घराघरांतल्या थोरल्या मुली शाळेला जात नसत. हजेरीपटावर ते दिवस वेगळे उमटत, असे आमचे गुरुजी म्हणायचे.

मी नोकरीने विस्तार अधिकारी, कृषी विषयाचा. नोकरी दुसऱ्या तालुक्यात, पण सुटीला घरी गेलो की पाण्याचे गाऱ्हाणे कानी यायचेच. मोटर तीनदा जळालेली, वीजबिल थकलेले, पाणीपट्टी कोणी भरत नाही, कारण पाणी येत नाही. आणि पाणी येत नाही, कारण पाणीपट्टी कोणी भरत नाही. हे रहाट असेच फिरत राहिले होते. अशात कऱ्हाडजवळच्या मलकापुरात चोवीस तास नळाला पाणी असते, असे मी ऐकले. सरपंचांना म्हटले, "एकदा डोळ्यांनी पाहून येऊ."

घाट उतरताना

वडूज, पुसेसावळी करीत आम्ही शामगावच्या घाटाला लागलो. इथवर रस्त्याच्या दोन्ही अंगांना करपलेली ज्वारी आणि बोडकी माळरानेच होती. घाट उतरलो आणि मुलूखच पालटला. कृष्णाकाठचा हिरवागार ऊस, उसाने लादलेल्या बैलगाड्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, गुऱ्हाळांचा गोड वास. गाडीतली माणसे गप्प झाली. आमचे तात्या, सत्तरीतले गृहस्थ, एवढेच म्हणाले, "एकाच जिल्ह्यात राहतो म्हणायचं आपण."

वाटेत ओगलेवाडी लागली. जुन्या वाचकांना प्रभाकर कंदील आठवत असेल. तो इथल्याच काचकारखान्याचा. वीज नव्हती तेव्हा ह्या गावाने निम्म्या महाराष्ट्राच्या ओटीवर उजेड पाडला. आता कंदील गेले.

कऱ्हाडात प्रथम प्रीतिसंगमावर गेलो. कृष्णा आणि कोयना, दोघी महाबळेश्वराकडून निघालेल्या बहिणी, वेगवेगळ्या खोऱ्यांतून फिरून इथे समोरासमोर येऊन भेटतात. काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. आमच्यातल्या बायांनी नदीत पाय बुडवले आणि बराच वेळ कोणी उठेना. चार दिवसांनी नळ पाहणाऱ्या माणसाला वाहते पाणी नुसते पाहण्यातही तहान भागल्यासारखे वाटते.

तिथून जवळच पंताच्या कोटात नकट्या रावळ्याची विहीर आहे. जुन्या काळची, दगडी, लांबलचक पायऱ्यांनी खाली उतरत जाणारी. काठावर उभे राहून पाहिले की मनात येते, पूर्वीच्या माणसांनीही पाणी आणि त्याची राखण ह्या दोन्ही गोष्टी एकत्रच बांधल्या होत्या. विहीर कोटाच्या आत. उघड्यावर टाकून दिलेली नव्हे.

मलकापुरात

कऱ्हाडच्या कोल्हापूर नाक्यावरून पुढे गेले की मलकापूर लागते. पुणे-बंगळूर हमरस्त्याच्या कडेला, मागे आगाशिवाचा डोंगर. त्या डोंगरात प्राचीन बौद्ध लेणी आहेत आणि लेण्यांशेजारी पावसाचे पाणी धरायला दगडात कोरलेल्या टाक्या आहेत. मलकापूर त्या वेळी धड शहर नव्हते आणि खेडेही नव्हते. काही वर्षांपूर्वीपर्यंत तिथे आपल्यासारखीच ग्रामपंचायत होती, मग नगरपंचायत झाली. २०११ च्या जनगणनेत वस्ती तीस हजारांहून थोडी अधिक. पुढे तिथे नगर परिषद झाली.

आम्ही दुपारी दीड-दोनच्या सुमाराला पोहोचलो. ही नळाची वेळ नव्हे, म्हणून मुद्दाम एका गल्लीत शिरलो. एका दारात एक मावशी वाल निवडत बसल्या होत्या. माझ्या वहिनींनी विचारले, "मावशी, नळ कधी येतो हो तुमच्याकडं?"

मावशींना प्रश्नच कळला नाही. "कधी येतो म्हंजे? नळ हाय की तिथं."

वहिनी उठल्या आणि कोपऱ्यातली तोटी फिरवली. पाणी आले. बंद केली, पुन्हा फिरवली. पुन्हा आले. वहिनी आमच्या गावच्या पाणीपुरवठा समितीच्या सभासद, म्हणून त्यांना मुद्दाम आणले होते. त्यांनी घरात नजर फिरवली आणि मला हळूच म्हणाल्या, "भावजी, ह्यांच्या घरात पिंप नाही, बघा."

मी त्यापूर्वी पाण्याविषयी पुष्कळ वाचले होते, पण हे माझ्या ध्यानात आले नसते. आपल्याकडे घराचा एक कोपरा पिंप, हंडे, घागरी आणि बादल्यांनीच भरलेला असतो. आणि नवे पाणी आले की आपण आदल्या खेपेचे पाणी "शिळे" म्हणून ओतून देतो. दुष्काळातसुद्धा देतो. ज्याला उद्याची खात्री नाही तो साठवतो आणि जो साठवतो तो टाकतोही. मावशी म्हणाल्या, आधी आमच्याकडंही तसंच होतं. आता लागंल तेवढं घ्यायचं आन् तोटी फिरवायची. मीटर फिरतंय ना!

योजना कशी आहे?

ह्या योजनेचा आराखडा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाने केला. आधी विचार नेहमीसारख्या, ठराविक वेळ पाणी सोडणाऱ्या योजनेचाच होता. मग तो बदलून चोवीस तासांची योजना केली आणि २००९ च्या सुमारास ती सुरू झाली. पाणी कोयनेचे. ते उपसून, शुद्ध करून उंच टाक्यांत चढवायचे आणि तिथून गुरुत्वाने घरोघर पोहोचवायचे. इथवर तुमच्या-आमच्या योजनेत आणि त्यांच्यात फरक नाही. फरक पुढे आहे.

पहिला फरक, प्रत्येक जोडणीला मीटर. सुरुवातीलाच असे मीटर बसवले, की माणसाने घरात न शिरता रस्त्यावरूनच बिनतारी यंत्राने नोंद घ्यावी. दुसरा फरक, दर सरसकट नाही. गरजेपुरत्या पाण्याला दर कमी आणि वापर वाढेल तसा टप्प्याटप्प्याने चढता. तिसरा फरक, नळ्यांत पाण्याचा दाब सदैव कायम.

हा तिसरा मुद्दा नीट समजून घ्या, कारण तो आपल्या लेकराबाळांच्या पोटाशी निगडित आहे. नळ बंद असताना पाइप रिकामा पडतो. तो गटाराजवळून गेला असेल आणि त्याला भेग असेल, तर बाहेरची घाण आत ओढली जाते आणि पुढच्या खेपेला पहिल्या धारेबरोबर आपल्या हंड्यात येते. पावसाळ्यात हगवण, काविळीची साथ येते ती पुष्कळदा ह्याच वाटेने. पाइप सतत भरलेला असेल तर भेगेतून पाणी बाहेर गळेल, पण घाण आत शिरणार नाही. नळाला मोटर लावून पाणी ओढणारे तर हा धोका सगळ्या गल्लीसाठी वाढवतात. शेजाऱ्याचे पाणी तर ते घेतातच, वर गटाराचेही बोलावून आणतात.

पण देखरेख कोण करतो?

आमचे सरपंच व्यवहारी. ते म्हणाले, "यंत्रं आम्हीही बसवली होती. बसवल्यावर त्यांच्याकडं बघतं कोण, ते सांगा." प्रश्न नेमका होता. मला समजले तसे सांगतो.

महाराष्ट्रातल्या लहान शहरांचा कारभार १९६५ च्या नगर परिषद अधिनियमाने चालतो. पाणी, दिवाबत्ती, सफाई ही त्या कायद्याने शहराची आवश्यक कर्तव्ये ठरवली आहेत. इच्छा झाली तर करावी अशी ती कामे नव्हेत. नगरपंचायतीत १७ प्रभागांतून १७ सदस्य निवडून येतात. ठराव त्यांनी करायचा आणि अंमल मुख्याधिकाऱ्याने करायचा. मुख्याधिकारी सरकारने नेमलेला असतो. म्हणजे पैसा कुठे घालायचा हे ठरवणारा एक आणि तो प्रत्यक्ष खर्च करणारा दुसरा. पाणीपुरवठ्यासारख्या विषयांना समित्या नेमता येतात. दरवर्षी अंदाजपत्रक सभेपुढे ठेवावे लागते. बाहेरून स्थानिक निधी लेखापरीक्षेची माणसे येऊन हिशेब तपासतात. एखादा ठराव कायद्याबाहेरचा झाला तर त्याची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने नळजोडणीसारखी सेवा ठराविक मुदतीत मिळण्याचा हक्कही नागरिकाला दिला. मुदत टळली तर अपील करता येते.

पण हे सगळे कायदे ज्या शहरात पाणी येत नाही तिथेही लागू आहेत. मग फरक कशाने पडतो? तिथल्या एका कर्मचाऱ्याने मला तो एका वाक्यात सांगितला. म्हणाला, "साहेब, टाकीतून किती गेलं आणि घरात किती पोचलं, ही दोन आकडी शेजारी-शेजारी लिहिली की तिसरा आकडा आपोआप बोलायला लागतो."

तिसरा आकडा म्हणजे तूट. टाकीतून हजार लिटर निघाले, घरोघरच्या मीटरांची बेरीज आठशे आली, तर दोनशे कुठे गेले? एक तर गळाले, नाहीतर चोरले. शहरांच्या योजनांत ही तूट शेकडा १५ च्या आत असावी असे मानतात. शहराचे भाग पाडून प्रत्येक भागाच्या तोंडाशी मोठा मीटर बसवला, तर तूट कोणत्या भागात आहे तेही कळते. मग सगळे शहर उकरायला नको, एक गल्ली तपासली की पुरे. नगरसेवकाला सभेत ओरडावे लागत नाही, आकड्यावर बोट ठेवले की झाले. मीटर नसेल तर समिती असो की लेखापरीक्षक असो, सगळे अंधारात चाचपडतात. पैशाचा हिशेब होतो, पाण्याचा होत नाही.

शेतकऱ्याला हे समजायला जड जाऊ नये. दूध डेअरीला घालताना आपण लिटर मोजतो, फॅट बघतो. कारखान्याच्या काट्यावर ऊस तोलला जाताना आपण पापणी न लववता उभे राहतो. मग गावाच्या पाण्यालाच काटा का नको?

तात्यांचा प्रश्न

परतीच्या वाटेवर एका हॉटेलात चहाला थांबलो. तात्या सकाळपासून फारसे बोलले नव्हते. ते म्हणाले, "सगळं खरं. पण तहानलेल्याला पाणी पाजणं हे पुण्य. त्याला मीटर लावायचा म्हंजे पाणी विकायला काढल्यासारखं नाही का रे?"

मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. गाडीत बसल्यावर सावकाश बोललो. म्हटले, तात्या, पाण्याची किंमत कोणी घेत नाही. ते वर चढवायला वीज लागते, तिचे पैसे लागतात. पाच अश्वशक्तीची मोटर तासाला सुमारे पावणेचार युनिट खाते. रोज एक तास जादा चालली तर महिन्याला शंभरावर युनिट होतात. आज सगळ्यांना सारखी पाणीपट्टी. एका खोलीत राहणारी म्हातारी दोन हंडे नेते, तिलाही तेवढीच. आणि जो नळाला मोटर लावून गोठा धुतो, त्यालाही तेवढीच. ह्यात म्हातारीकडून आपण मोटरवाल्याचे बिल भरून घेतो. मीटरने ते थांबते. मात्र दर ठरवताना पहिला टप्पा गरिबाला झेपेल असाच हवा. तो नसेल तर तुमचे म्हणणे खरे होईल.

तात्या म्हणाले, "बघू." गावाकडे "बघू" म्हणजे नाही, हे तुम्हांला ठाऊक आहे.

मलाही एक गोष्ट कबूल करणे भाग आहे. मलकापूरला कोयना आहे आणि कोयनेवर धरण आहे. आमच्या माणात तसे काही नाही. नदीकाठच्या शहराचा चोवीस तासांचा नळ आमच्या टेकाडावर जशाचा तसा आणून लावता येणार नव्हता. जिथे विहिरीलाच पाणी नाही तिथे मीटर पाणी निर्माण करीत नाही. पण मोजणे आणि ते सगळ्यांपुढे मांडणे, एवढे तर आणता येण्यासारखे होते.

आमचा फळा

ग्रामसभा झाली. घरोघर मीटरचा विषय निघताच जो गोंधळ झाला तो सांगत नाही. ठराव पडला. शेवटी वहिनी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "घरात नको तर नको. पण टाकीला एक मीटर लावा, आणि रोजचा आकडा चावडीवर लिहा. त्याला कुणाची हरकत आहे का?" त्याला हरकत घेणे कोणाला जमले नाही.

टाकीच्या तोंडाशी एक मोठा मीटर बसला आणि चावडीच्या भिंतीवर शाळेतला एक जुना फळा टांगला. रोज चार ओळी लिहायच्या: मोटर किती तास चालली, टाकीतून किती पाणी गेले, पाण्यात क्लोरीन तपासला का, आणि पाणीपट्टी किती जमली. पाणी सोडणाऱ्या पोराने खडूने लिहायचे आणि समितीतल्या एका बाईने पाहून खाली सही करायची. खर्च मीटरचा आणि खडूचा.

दोन आठवड्यांत फळा बोलू लागला. ज्या दिवशी गावाला पाणी सोडलेच नाही, त्या दिवशीही मीटर फिरलेला असायचा. पोराने रात्री दहाला टाकी भरून सगळे वॉल बंद केले आणि पहाटे चारला काठी घालून पाहिले. पाणी हातभर खाली. म्हणजे टाकी आणि वॉल ह्यांच्या मधल्या लाइनीवरच पाणी जात होते. समितीने ती लाइन पावलापावलाने तपासली. ओढ्याच्या फरशीखाली एक सांधा फुटलेला सापडला. आणि त्याच्या अलीकडे, मातीखाली, अर्ध्या इंचाचा एक काळा पाइप सापडला. तो आमच्या गोठ्यात जात होता.

वाचकहो, तो पाइप माझ्या थोरल्या भावाने टाकला होता. गोठ्यात चार गाई. हौद भरला की पाणी वाहून मागच्या हत्तीगवताला जायचे. ते हत्तीगवत लावायला मीच सांगितले होते. "दादा, छावणीत जनावरं न्यायची वेळ येणार नाही," असे मी मोठ्या तोऱ्याने म्हणालो होतो. त्याला पाणी कुठून येणार, हे मी विचारले नव्हते. लोकांना सल्ला देण्याचा पगार घेणाऱ्या माणसाने हा एवढा साधा प्रश्न विचारू नये, ह्याची मला आजही लाज वाटते.

मी त्या रविवारी गावी होतो. पोराने बादली लावून मोजले. दीड मिनिटात पंधरा लिटर, म्हणजे मिनिटाला दहा. दिवसाला सहा तास धरले तरी ३,६०० लिटर. माणशी ४० लिटरचे माप तेव्हा खेड्यांसाठी धरीत. त्या मापाने ते ९० माणसांचे पाणी होते. सगळा गाव आमच्या गोठ्यापाशी जमला होता. दादा माझ्याकडे पाहत होता. मी अधिकारी, काहीतरी बोलेन आणि निभावून नेईन, अशी त्याची अपेक्षा असावी.

त्या दिवशी बोलल्या त्या वहिनी. म्हणाल्या, "गाई आमच्या आहेत, त्यांना आम्ही पाणी आणू. पाइप आत्ता तोडा." आणि संध्याकाळी समितीच्या सभासद म्हणून त्यांनीच फळ्यावरच्या आकड्याखाली सही केली.

दादा दोन महिने माझ्याशी बोलला नाही. दोन गाई छावणीत न्याव्या लागल्या, एक विकली. हे नुकसान खरे होते, आणि ते त्याने एकट्याने सोसले. त्याचा रागही सगळाच खोटा नव्हता. म्हणायचा, "गावात काय मी एकटाच चोर होतो?" नव्हताच. पुढच्या महिन्यात आणखी सात जोडण्या निघाल्या. पण पहिली आमची निघाली, म्हणून बाकीच्या भांडण न होता निघाल्या, असे सरपंच म्हणतात.

सांधा दुरुस्त झाला, पाइप निघाले, आणि त्याच विहिरीच्या, त्याच टाकीच्या पाण्यात नळ चौथ्या दिवसाचा दुसऱ्या दिवशी येऊ लागला. वेळही ठरली: सकाळी सहा ते सात. मुली शाळेत जाऊ लागल्या. पाणी आले तशी पाणीपट्टीही येऊ लागली. घरोघर मीटर मात्र लागले नाहीत, अजूनही नाहीत. तात्या हयात होते तोवर त्यांनी विरोधच केला. पण रोज सकाळी चष्मा लावून चावडीवरचा फळा वाचणारे पहिले गृहस्थ तेच असत.

तुमच्या गावासाठी

आता हे सारे आज कशाला उगाळायचे, असे तुम्ही विचाराल. १५ ऑगस्ट २०१९ ला जल जीवन मिशन जाहीर झाले. घरोघर नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी, असा त्याचा संकल्प. पाच माणसांच्या घराला रोज २७५ लिटर, महिन्याला सव्वाआठ हजार लिटर. अनेक गावांत नवे पाइप पडले आहेत, नव्या टाक्या उभ्या आहेत. आमच्याही गावात आल्या. नवे कोरे पाइप पाहिले की माणसाला वाटते, आता चिंता मिटली. आमच्या जुन्या योजनेचे पाइपही एके काळी नवेच होते.

म्हणून मी तुम्हांला विनंती करतो. मलकापूरला जमले तर जरूर जा. पण त्याआधी आपल्या ग्रामपंचायतीत जा. गावोगावी ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते आणि तिच्यात निम्म्या तरी स्त्रिया असाव्यात असा नियम आहे. त्या नावापुरत्या आहेत की सहीपुरत्या, की खरोखर पाणी पाहणाऱ्या, ते विचारा. टाकीला मीटर आहे का, विचारा. पाणीपट्टीचा हिशेब वेगळा ठेवला आहे का, विचारा. जलसुरक्षक पाण्याची ओ.टी. चाचणी रोज करतो का, ते स्वतः पाहा. पाण्यात औषधाचे थेंब टाकले की ते पिवळे झाले पाहिजे. शेवटच्या घराच्या नळालाही लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन उरलेला हवा, म्हणून चाचणी टाकीपाशी न करता शेवटच्या घरी करायला सांगा. वर्षातून दोनदा पाण्याच्या स्रोतांची तपासणी होऊन गावाला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. तुमच्या गावाचे कोणते, ते माहीत करून घ्या. नसेल माहीत तर ग्रामसभेत विचारा. ह्या प्रश्नांना पैसे पडत नाहीत.

आणि एक शेवटचे. फळा टांगलात तर त्यावर पहिला दोष तुमच्याच घरचा निघण्याची तयारी ठेवा. मी ठेवली नव्हती.

गेल्या दिवाळीला घरी गेलो तेव्हा चावडीवरचा फळा नवा होता. जुना पावसाने फुगला म्हणून बदलला. खाली सही आता वहिनींच्या सुनेची असते. दादा आणि मी पहाटे फिरायला निघालो होतो. तो चावडीपाशी थांबला, आकडा वाचला आणि म्हणाला, "काल जरा जास्त गेलंय. कुणाकडं कार्य होतं का बघायला पाहिजे." आणि पुढे चालू लागला.